किष्किंधेचे पाषाण

सोलापुराहून विजापूर-गदग मार्गानें होसपेटकडे जाणारी आगगाडी प्रवाशास त्याच्या नकळत पृथ्वीच्या इतिहासांत मागें मागें नेत असते. विजापूरपर्यंत आपल्या ओळखीची काळी जमीन व काळा कातळ सोबतीस असतो. बदामीजवळ तांबूस वालुकापाषाणाचे कडे दिसूं लागतात. आणि गदग मागें टाकून तुंगभद्रेच्या खोऱ्याकडे वळावें, तों सारा देखावाच पालटतो. होसपेटपासून हंपी सुमारें १३ किलोमीटर. येथें डोंगर म्हणून जें दिसतें तें वस्तुतः धोंड्यांच्या राशी होत. घराएवढे, हत्तीएवढे, रांजणाएवढे गोलसर धोंडे एकावर एक असे बेताचे टेकलेले कीं, वाऱ्याच्या झुळकेसरशीं गडगडत खालीं येतील असें वाटावें. मातंग टेकडीवर उभें राहिलें तर क्षितिजापर्यंत हाच प्रकार.

रामायणांतील किष्किंधा ती हीच, अशी परंपरा आहे. आणि वानरवीरांनीं फेकलेल्या शिलांच्या या राशी, अशी कथाहि सांगितली जाते. कथेचा मान राखूनच शास्त्राचें म्हणणें ऐकावें. शास्त्र म्हणतें, हे धोंडे कोणीं फेकलेले नाहींत. ते जेथें आहेत तेथेंच घडले आहेत.

हा दगड ग्रॅनाइट होय. फुटलेला तुकडा उन्हांत धरला असतां त्यांत तीन तऱ्हेचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात: कांचेसारखे गारेचे, पांढुरके किंवा गुलाबी फेल्स्पारचे, आणि चकाकणारे काळे अभ्रकाचे. सह्याद्रीच्या काळ्या कातळांत मात्र असे कण सहसा दिसत नाहींत. याचें कारण आपल्या घरांतल्या बायकांस सहज पटेल. साखरेचा पाक दिवसेंदिवस निवत ठेवला तर खडीसाखरेचे मोठे खडे बनतात. तोच झटपट निवविला तर बारीक कणी पडते. सह्याद्रीचा शिलारस जमिनीवर पसरून लवकर निवाला, म्हणून त्याचा पोत बारीक. ग्रॅनाइटचा रस पृथ्वीच्या पोटांत कित्येक किलोमीटर खोल, हजारों-लाखों वर्षें सावकाश निवत राहिला, म्हणून त्याचे कण मोठे. यावरून आणखी एक गोष्ट निघते. आज ग्रॅनाइट उघड्यावर दिसतो, त्या अर्थीं त्याच्यावरचें कित्येक किलोमीटर जाडीचें पांघरूण ऊनपावसानें झिजून वाहून गेलेलें आहे.

हें ज्ञान सुखासुखीं मिळालेलें नाहीं. अठराव्या शतकांत जर्मनीच्या फ्रायबर्ग येथील वेर्नर हा नामांकित अध्यापक असें शिकवीत असे कीं, ग्रॅनाइट हा आदिसमुद्राच्या पाण्यांतून सांका बसून बनलेला, सर्वांत पहिला खडक होय. स्कॉटलंडच्या हटननें १७८५ सालीं ग्लेन टिल्टच्या खोऱ्यांत तांबड्या ग्रॅनाइटच्या शिरा जुन्या काळसर खडकांत घुसलेल्या पाहिल्या. जो खडक दुसऱ्यांत घुसतो तो त्याच्याहून नवा, आणि घुसतेवेळीं तो पातळ असलाच पाहिजे! हटनला इतका हर्ष झाला कीं, बरोबरच्या वाटाड्यांस वाटलें, यास सोन्यारुप्याची शीरच सांपडली. तरीहि वाद मिटला नाहीं. जुने खडक न वितळतांच पालटून ग्रॅनाइट होतात, असें मानणारा पक्ष विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रबळ होता. १९५८ सालीं टटल व बोवेन यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले, आणि खोलवरच्या दाबाखालीं पाण्याच्या संगतीनें ग्रॅनाइट सुमारें ६५० ते ७०० अंशांवरच वितळूं लागतो, हें सर्वमान्य झालें.

दक्षिणेंत या दगडाचा एक पट्टा सुमारें ४०० किलोमीटर लांब पसरला आहे. बंगळूरजवळच्या क्लोजपेट गांवावरून त्यास क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात; तेंच गांव पुढें रामनगर झालें. त्याचें वय सुमारें २५० कोटी वर्षें, आणि हंपीचा ग्रॅनाइटहि त्याच युगांतला. सह्याद्रीचा कातळ त्याच्यापुढें अवघा ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे पणतूहूनहि धाकटा.

आतां धोंडे गोल कां? खडक निवतांना व वरचें ओझें उतरतांना त्यांत उभ्या-आडव्या भेगा पडतात आणि त्याचे चौकोनी ठोकळे होतात. भेगांतून झिरपणारें पाणी फेल्स्पारची माती करतें. गारेचे कण वाळू होऊन सुटतात. ठोकळ्याच्या सपाट अंगावर हा मारा एकाच बाजूनें होतो, कडेवर दोन बाजूंनीं आणि कोपऱ्यावर तीन बाजूंनीं. वापरांतली साबणाची वडी जशी कोपऱ्यांनीं आधीं झिजते, तसाच जमिनीखालीं ठोकळ्याचा गोळा होतो. पुढें भोंवतालची भुसभुशीत माती पावसानें वाहून जाते, आणि गोळे जागच्या जागीं एकमेकांवर टेकून उरतात.

या दगडाशीं विजयनगरच्या पाथरवटांनीं दोन शतकें झुंज घेतली. शिलेवर ओळीनें भोकें पाडून, पाचरी ठोकून ते ती चिरीत. त्या भोकांच्या रांगा आजहि जागोजाग दिसतात. १५२८ सालीं कृष्णदेवरायाच्या कारकीर्दींत सुमारें ६.७ मीटर उंचीचा नरसिंह एकाच शिलेंतून घडविला गेला. हळेबीडच्या मऊ दगडांतील जाळीदार नाजुकपणा या कठीण पाषाणांत येणें अवघड, म्हणून येथील शिल्पाचें बळ भव्यतेंत आहे; आणि गोपुरांचे उंच मजले विटा-चुन्याचेच आहेत. पंढरीचा विठ्ठल कांहीं काळ विजयनगरास नेला होता व नाथांचे पणजे भानुदास यांनीं तो परत आणला, ही कथा आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. विठ्ठलमंदिरापुढचा रथ एकसंध भासला, तरी तो अनेक शिलाखंड जोडून केलेला आहे.

हा पाषाण परक्या मुलुखाचा, असें मात्र आपण समजूं नये. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस वेधछिद्र घेतलें, तेव्हां सुमारें ३४० मीटर काळ्या कातळाखालीं, गाळाचा पातळ थर ओलांडून, ग्रॅनाइटच्या जातीचाच प्राचीन खडक लागला. कोयनेकडे कातळाची जाडी कोठें कोठें किलोमीटरभराहून अधिक भरली, पण तळाशीं पाया तोच. आपला महाराष्ट्र बव्हंशीं या जुन्या जोत्यावरच उभा आहे.

आज हा दगड तुकतुकीत होऊन स्वयंपाकघरांतल्या ओट्यावरहि आला आहे. (काळाभोर ‘ग्रॅनाइट’ म्हणून बाजारांत जो मिळतो, तो बहुधा निराळ्याच जातीचा असतो.) त्याच्या मागणीपायीं दक्षिणेंतील कित्येक टेकड्या सुरुंगांनीं फुटल्या. १९८६ पासून हंपीचीं मंदिरें जागतिक वारशांत गणलीं जातात. परंतु ज्या धोंड्यांमुळें त्या मंदिरांस शोभा आहे, ते गेले तर उरेल काय? पडलेलें देऊळ दुरुस्त करतां येतें. फुटलेली शिला पुन्हां घडवावयास पाथरवटाची छिन्नी उपयोगी नाहीं. तिला पृथ्वीच्या पोटांतला तोच मंद विस्तव लागेल, आणि तितकेंच आयुष्य.