हिशेबाची वही आणि मधला वर्ग

रोजचा खर्च वहीत लिहून ठेवण्याची रीत आमच्या घरात तीन पिढ्यांची आहे. आजोबा होळकरांच्या राजवटीत कारकून होते, तीर्थरूप शाळेत शिक्षक आणि मी इंदूरच्याच एका बँकेत. तीर्थरूपांच्या जुन्या वह्या माझ्याजवळ आहेत. दूध, रेशनची साखर, विम्याचा हप्ता, मुलांची फी आणि शेवटी 'इतर'. या 'इतर'मध्ये वर्षातून एखादे नाटक आणि दिवाळी अंक. त्या वह्यांनी आम्हांला आमचे स्थान शिकवले. आम्ही ना गरीब, ना श्रीमंत, आम्ही मध्यमवर्गीय. हा शब्द घरात इतक्या अभिमानाने उच्चारला जाई, की ते उत्पन्नाचे वर्णन नसून जणू गोत्राचे नाव असावे. ऋण काढायचे नाही, उधळायचे नाही, आणि जे मिळाले ते आपल्या कष्टांचे, ही त्या गोत्राची प्रवरे.

2024 च्या गुढीपाडव्याच्या सुमारास आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंनी तीनशे रुपये वाढवून मागितले. तेव्हा त्यांना महिना अठराशे रुपये मिळत. हिने माझ्याकडे पाहिले, आणि मी तत्काळ, जराही विचार न करता म्हणालो, "आम्ही मध्यमवर्गीय माणसे, पेन्शनवर जगणारी. एकदम तीनशे कोठून आणायचे?" बाई काही बोलल्या नाहीत. पदर खोचून कामाला लागल्या.

त्याच दिवसांत केंद्र सरकारच्या 2022-23 च्या घरगुती उपभोग-खर्च पाहणीचे आकडे वर्तमानपत्रांतून येऊ लागले होते. निवृत्त बँकवाल्याला आकडे दिसले की चैन पडत नाही. शहरी भागात दरडोई सरासरी मासिक खर्च 6,459 रुपये, ग्रामीण भागात 3,773. शहरांतल्या सर्वांत वरच्या पाच टक्के लोकांची सरासरी 20,824 रुपये, आणि शहरांतल्याच सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची 2,001. मी सहज म्हणून आदल्या वर्षाची वही काढली. औषधे, मोटारीचे पेट्रोल, मुलाकडे जाण्यायेण्याची तिकिटे, सर्व धरून वर्षाचा खर्च सहा लाख चोवीस हजार. महिन्याला बावन्न हजार. आम्ही दोघेच. दरडोई सव्वीस हजार.

बेरीज चुकली असेल म्हणून पुन्हा केली. चुकली नव्हती.

या आकड्यांविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अशा पाहण्यांत खऱ्या धनिकांचा खर्च पुरता उतरत नाही, असे तज्ज्ञ वारंवार सांगतात, आणि ते पटते. ज्या बंगल्याच्या फाटकावर पहारेकरी असतो त्या फाटकातून पाहणीवाला सहसा आत जात नाही, माझ्यासारख्याच्या दारावर मात्र तो बिनदिक्कत टकटक करतो. तेव्हा वरच्या पाच टक्क्यांची खरी सरासरी वीस हजारांहून बरीच अधिक असणार. पण त्याने माझी जागा फारशी बदलत नाही. माझ्या वर कितीही उंच मनोरे असोत, माझ्या खाली किती मजले आहेत हे त्यामुळे कमी होत नाही. शिवाय सरासरी ही वरच्यांच्या ओढीने नेहमी वर सरकलेली असते, म्हणजे रांगेतला अगदी मधला माणूस 6,459 च्याही खाली उभा असला पाहिजे.

मग मधला कोण? बाईंच्या घरी पाच माणसे. त्या तीन घरी काम करतात, यजमान माल वाहण्याच्या रिक्षावर जातात. एकदा बोलता बोलता कळले होते त्यावरून घरात महिन्याला सतरा-अठरा हजार येत असावेत. दरडोई साडेतीन हजारांच्या आसपास. शहरी सरासरीच्या त्या बऱ्याच खाली आहेत हे खरे. पण देशाच्या सगळ्या गावांची आणि शहरांची एकच रांग लावली तर मध्यापासून त्या फार दूर नसतील. ज्या घरात मी स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवून तीनशे रुपये नाकारले, त्या घरात मध्यमवर्गाच्या अधिक जवळचे माणूस मोरीपाशी बसून भांडी घासत होते.

अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी 2008 साली तेरा विकसनशील देशांतील कुटुंबांच्या पाहण्यांवरून एक निबंध लिहिला. (2019 च्या नोबेलमुळे ही नावे पुढे घरोघर पोचली.) या देशांतला मध्यमवर्ग कोण, हे ठरवताना त्यांनी क्रयशक्तीच्या हिशेबाने दिवसाला माणशी दोन ते चार आणि सहा ते दहा डॉलर खर्च करणारी कुटुंबे घेतली. त्या मापात मी बसत नाही, वरून बाहेर पडतो. बाई बहुधा बसतील. पण त्या निबंधातली मला अधिक लागलेली गोष्ट निराळी. मध्यमवर्गीयांना गरिबांपासून वेगळे काढणारी सर्वांत ठळक खूण त्यांना उद्यमशीलतेत सापडली नाही. ती सापडली नियमित पगाराच्या नोकरीत.

हे वाचले आणि मला आमच्या शाखेचे काउंटर आठवले.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी परदेशीपुऱ्याजवळच्या शाखेत होतो. चहूकडे गिरण्यांचे जग. भोंग्यावर घड्याळे लावली जात, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाक्या निघत तेव्हा सारे इंदूर रस्त्यावर जागे असे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी कामगार पासबुके घेऊन रांगेत उभे राहत. त्यांत मराठी होते, उत्तरेकडचे होते, माळव्यातले होते. त्यांच्या पगाराच्या रकमा मी रोज पाहत असे, म्हणून खात्रीने सांगतो, जुन्या विणकऱ्याचा आणि माझ्यासारख्या नव्या कारकुनाचा पगार यांत फार अंतर नव्हते. काहींची मुले माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात होती. पुढे चान्सेल, पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 मध्ये जे मोजमाप प्रसिद्ध केले त्यात 1982 साली देशाच्या उत्पन्नातला वरच्या एक टक्क्याचा वाटा सुमारे सहा टक्के दिसतो, आणि 2022-23 मध्ये 22.6 टक्के. म्हणजे त्या काउंटरच्या दोन्ही बाजूंना आम्ही उभे होतो तो काळ देशातल्या सर्वांत कमी विषमतेचा होता. तेव्हा आम्हांला तसे वाटत नव्हते. आम्ही महागाईवर बोलत होतो.

1990 नंतर दृश्य पालटले. 1991-92 मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. इतरही गिरण्या कोणी आधी, कोणी मागून, त्याच वाटेने गेल्या. आमच्या काउंटरवर प्रथम मुदतठेवी मोडल्या जाऊ लागल्या. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली पावती पुढे सरकवताना माणूस खाली पाहतो, हे मी तेव्हा शिकलो. मग नुसते काढण्याचे व्यवहार, मग किमान शिल्लक, आणि मग ती खाती निष्क्रिय खात्यांच्या यादीत गेली. ती यादी वर्षाअखेरीस माझ्याच अक्षरात तयार होई.

आणि माझे काय झाले? 1993 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी निवृत्तिवेतनाचा करार झाला, 1995 मध्ये त्याचे नियम आले. ज्या चार वर्षांत काउंटरच्या त्या बाजूचा पगार गेला, त्याच चार वर्षांत या बाजूला आयुष्यभराच्या पेन्शनची तजवीज झाली. तो मिळाला याचा मला खेद नाही, तो हक्काचाच होता. पण पंचवीस वर्षे मी मुलांना सांगत आलो, की आपण काटकसरीने राहिलो, कर्ज काढले नाही, हिशेब ठेवला, म्हणून आज चार घास सुखाचे खातो. हिशेब तेही ठेवत होते. त्यांची पासबुके मी पाहिली आहेत. माझ्यापेक्षा नेटकी बचत करणारे त्यांत कित्येक होते.

हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकीत देण्यांपोटी सुमारे 224 कोटींचा धनादेश 25 डिसेंबर 2023 रोजी समारंभपूर्वक देण्यात आला. सुमारे 4,800 कामगारांचा तो प्रश्न होता. सरासरी काढली तर माणशी साडेचार लाखांच्या थोडे वर, आणि तेही तीन दशकांहून अधिक प्रतीक्षेनंतर. कित्येकांच्या वतीने वारसांना रांगेत उभे राहावे लागले. त्या दिवशी दूरचित्रवाणीवर तो सोहळा पाहताना भांडी घासता घासता बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे सासरे अशाच एका दुसऱ्या गिरणीत विणकाम खात्यात होते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. आठ वर्षे त्या आमच्याकडे येत होत्या. सासऱ्यांचे खाते आमच्या शाखेत होते की काय, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

पाडव्यानंतर आठवड्याने मी त्यांना म्हणालो, तीनशे वाढवून देऊ. बाईंनी हात पुसले आणि म्हणाल्या, "बाबूजी, पैसे चाहे दो सौ बढ़ाओ, पर छुट्टी के मत काटो."

मला क्षणभर उमगले नाही. मग स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयकडे लक्ष गेले. दुधाचे रतीब जसे हिच्या पेन्सिलीने मांडले जातात, तसेच बाईंचे खाडे. महिन्याला दोन माफ, तिसऱ्यापासून प्रत्येक फुलीमागे साठ रुपये वजा. मुलाला ताप आला तरी फुली, सासऱ्यांचा श्राद्धदिन आला तरी फुली. मी सदतीस वर्षे नोकरी केली. हक्काची रजा, आजारपणाची रजा, नैमित्तिक रजा, सगळी भोगली, आणि न भोगलेल्या रजेचे पैसे निवृत्तीच्या वेळी मोजून घेतले. ती रक्कम वहीत लाल शाईने लिहिलेली आहे.

घरात यावर दोन दिवस चर्चा झाली. हिचे म्हणणे, सवय लागेल, आणि शेजारणी बोल लावतील की तुम्ही भाव बिघडवता. दुसरी भीती खरीच ठरली. शेवटी ठरले, तीनशे वाढ आणि महिन्याला चार खाडे माफ. वहीत मी तसे लिहिले: वैशाखापासून बाईंना 2,100, रजा चार.

पहिल्या महिन्यात त्या तीनच दिवस आल्या नाहीत. कालनिर्णयचे पान कोरे राहिले. जूनमध्ये पाऊस लागला, त्यांच्या घरात पाणी शिरले आणि सहा खाडे झाले. पाचव्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा हिने फुली मारलेली होती. मी पाहिले, आणि काही न बोलता पेला विसळून ठेवला.