चारशे रुपये आणि सहा माणसं

एक सोपं गणित सोडवा पाहू. हातात रुपये चारशे. नाताळची भेट द्यायची माणसं सहा : आई, पप्पा, आजी, धाकटा भाऊ, शेजारच्या मावशी आणि वर्गात चिठ्ठी काढून मिळालेली ‘ख्रिसमस फ्रेंड’. प्रत्येकाच्या वाट्याला किती?

तुम्ही लगेच म्हणाल, सहासष्ट रुपये आणि वर थोडे पैसे. गणिताच्या वहीत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील. बाजारात मात्र शून्य! सहासष्ट रुपयांच्या सहा वस्तू आणल्या, की सहाही जण ‘छान आहे हं’ म्हणतात आणि ती वस्तू कपाटात ठेवून देतात.

आम्ही वसईचे. आमच्या सणाचं ‘नाताळ’ हे नावही पोर्तुगीज भाषेतून आलेलं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, शब्द मात्र राहिला. डिसेंबर लागला की मुलं गोठे बांधायला घेतात, कामट्यांचे तारे दारावर चढतात, घराघरांत नेवऱ्या तळल्या जातात. खर्च काही थांबत नाही. २०२३च्या नाताळात पप्पांचं काम सुटलेलं होतं. आईनं आधीच सांगून टाकलं, ‘यंदा नवे कपडे फक्त धाकट्याला.’ चारशे रुपये माझे स्वतःचे, दोन लहान मुलांचा अभ्यास घेऊन मिळवलेले.

मैत्रिणी म्हणाल्या, ‘क्रॉफर्ड मार्केटला चल, तिथं सगळं स्वस्त.’ स्वस्त खरंच असतं, पण डझनानं घेतलं तर. शिवाय लोकलचं जाण्यायेण्याचं भाडं आणि मध्येच लागणारी भूक! चारशेतले निम्मे तिथंच उडाले असते. मी आपली पापडीच्या बाजारातच फिरले.

त्याआधी आठ दिवस मी एकच काम केलं. घरातली माणसं काय बोलतात ते कान देऊन ऐकलं. तुम्हीही करून बघा, फुकट आहे.

सगळ्यात अवघड पप्पा. काम नसलेल्या माणसाला भेट देताना त्याची कीव केल्यासारखं वाटता कामा नये. त्यांचं घड्याळ बंद पडून कपाटात होतं. आई म्हणाली, ‘सेल घालून घ्या की.’ तर म्हणाले, ‘आता मला कुठं वेळेवर पोहोचायचंय?’ ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी घड्याळ हळूच उचललं आणि दुकानात नेलं. सेल साठ रुपये, पट्टा एकशे चाळीस. एका माणसावर निम्मे पैसे संपले! पण मला ते बरोबरच वाटलं, अजूनही वाटतं.

ओ. हेन्री या अमेरिकन लेखकाची १९०५ सालची एक प्रसिद्ध कथा आहे, ‘द गिफ्ट ऑफ द मेजाय’. त्यातल्या डेलाकडे एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट असतात. नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घ्यायची म्हणून ती आपले लांब केस विकते. तिकडे त्यानं तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला घड्याळच विकलेलं! गोष्ट फार गोड आहे. पण मला विचाराल तर, घड्याळ दुरुस्त करणं त्याहून बरं.

उरले दोनशे. आजीला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून वही आणि जाड पेन आणून तिची आवडती गायनं मोठ्या अक्षरांत उतरवून दिली. पस्तीस रुपये आणि चार संध्याकाळी. भावाच्या बॅटची मूठ सोलवटली होती, तिला पन्नासची नवी ग्रिप. आईसाठी गॅसचा लायटर घेणार होते, पण ती तर घराला दिलेली भेट झाली! ती दुकानात एक चंदनाचा साबण नेहमी हुंगते आणि परत ठेवते. तोच घेतला, पंचावन्न रुपये.

वर्गातल्या भेटीला पन्नास रुपयांची मर्यादा होती. तरी काही जण मोठेपणा करत तीनशेचा खोका आणतात. मला हे मुळीच पटत नाही. नियम पाळणाऱ्याची मान उगाच खाली जाते. माझी फ्रेंड सतत चित्रं काढते. तिला गडद शिशाच्या पेन्सिली आणि खोडरबर, बरोबर पन्नासात.

हिशेब केलात? तीनशे नव्वद. उरले दहा, आणि मावशी राहिल्याच! पण नाताळ काही २५ डिसेंबरला संपत नाही. बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आलेल्या तीन राजांचा सण ६ जानेवारीला असतो. गोव्यात रेइश मागूशला तो थाटात होतो, स्पेनमध्ये तर मुलांना त्याच दिवशी भेटी मिळतात. तोवर माझा शिकवणीचा पुढचा पगार येणार होता.

मध्यरात्रीच्या मिस्सेला पप्पा घड्याळ घालून आले. प्रवचन चालू असताना तीनदा त्यात बघितलं. शेवटी आईनं कोपरानं ढोसलं.

सहा जानेवारीला मावशींकडे भरतकामाचा रुमाल घेऊन गेले. त्या एकट्याच राहतात. फराळाची ताटं सगळीकडून एकाच दिवशी येतात आणि मग पंधरा दिवस कुणी फिरकत नाही, असं त्या सांगत होत्या. आता त्या मला आधीच विचारून ठेवतात, ‘सहा तारखेला येणार ना गं? चहा टाकून ठेवते.’