तळ्यातल्या गणपतीचे अंगण

पुण्यात स्वारगेटच्या एस.टी. स्थानकातून बाहेर पडून पर्वतीच्या रोखाने चालू लागले की थोड्याच वेळात सारसबाग येते. माझ्या आयुष्यातील आठ वर्षे या एवढ्याशा अंतरात सामावलेली आहेत. ते कसे, हे पुढे येईलच.

बागेचा इतिहास पुणेकरांना ठाऊक आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचे पाणी अडवून तळे करविले, तळ्यात एक बेट राखले आणि त्यावर बाग फुलविली. त्या बेटावर १७८४ साली, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, सिद्धिविनायकाचे लहानसे देऊळ उभे राहिले. पेशवे त्या वेळी अवघे दहा वर्षांचे होते. या जागेचे लहान मुलांशी असलेले नाते तेव्हापासूनचे असावे, असे मला आपले उगीचच वाटते. पुढे तळे नाहीसे झाले आणि महानगरपालिकेच्या काळात तेथे हिरवळ आली. तरीही जुनी माणसे देवाला ‘तळ्यातला गणपती’ असेच म्हणतात. जेथे पाणी होते तेथे आता सतरंज्या अंथरलेल्या असतात.

आम्ही त्या सतरंजीवाल्यांपैकीच. शुक्रवार पेठेतील एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांत आम्ही सातजण राहत होतो: आईवडील, धाकटा भाऊ, बहीण, मी, सौ. आणि १९८३ साली जन्मलेली आमची मुलगी. त्या काळच्या घरांत नवराबायकोने वेगळे बसून बोलणे शिष्टसंमत नव्हते, आणि बसायचे म्हटले तरी बसणार कोठे? जिन्यावर शेजारी आणि गच्चीवर वाळवण. त्यामुळे महत्त्वाचे काही बोलायचे असले की सौ. आईंना ऐकू जाईल अशा बेताने विचारी, “अहो, मुलीला बागेत नेऊन आणू या का?” आई समजायच्या ते समजत आणि डबा भरून देत. दिवस मावळायच्या आत मुलीला भरवायचे, मग हिरवळीवर सोडून द्यायचे आणि आपण बोलत बसायचे. आजूबाजूला आमच्यासारखीच पंधरा-वीस जोडपी बसलेली असत. कोणी कोणाचे ऐकत नसे. घरापेक्षा अधिक एकांत मला त्या गर्दीत मिळाला, हे विचित्र वाटेल. पण वाड्यात राहिलेल्यांना ते पटेल.

१९८७ साली बढतीचे पत्र हाती आले. लिपिकाचा अधिकारी व्हायचे, तर पुणे सोडावे लागणार होते. नेमणूक सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी होती. नाकारावी, तर पुन्हा संधी केव्हा येईल याचा भरवसा नव्हता. वडिलांचे औषधपाणी, बहिणीचे लग्न, भावाचे शिक्षण हे सगळे हिशेब मी एम.कॉम.च्या सवयीने कागदावर मांडले होते. तो कागद घेऊन आम्ही बागेत गेलो. सौ.ने तो नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, “तुम्ही जा. मी आहे इथे.” एवढेच. मग मुलीच्या फ्रॉकला चिकटलेले गवत झाडत बसली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, हे आज लिहिताना संकोच वाटतो.

दोन-तीन वर्षांत परत येईन, असा माझा अंदाज होता. त्याची आठ वर्षे झाली. शनिवारी अर्ध्या दिवसाचे काम संपवून एस.टी. धरायची, रात्री स्वारगेटला उतरायचे. रविवारी सायंकाळी सगळ्यांनी बागेत जायचे आणि तेथूनच रात्रीच्या गाडीला लागायचे. पिशवी हिरवळीवर माझ्या शेजारी ठेवलेली असे. मुलगी तिच्याकडे पाही, आणि मग फुलराणीकडे नेण्याचा हट्ट धरी. शेजारच्या पेशवे पार्कातील ही छोटी आगगाडी १९५६ साली सुरू झाली. माझाही जन्म त्याच वर्षीचा. पार्कातील प्राणी पुढे कात्रजला गेले, फुलराणी मात्र राहिली.

अशाच एका रविवारी मुलगी घसरगुंडीवरून पडली. गुडघा फुटला. रडत ती आमच्याकडे धावत आली. मी दोन्ही हात पसरून पुढे झालो. ती माझ्या बाजूने निघून मागे उभ्या असलेल्या काकाला बिलगली. भाऊ बिचारा अवघडून गेला. कोणी काही बोलले नाही. त्या रात्री गाडीत मला झोप लागली नाही.

आता वाडा नाही. त्या जागी इमारत उभी आहे, आणि आम्ही बिबवेवाडीत तीन खोल्यांच्या सदनिकेत दोघेच राहतो. एकांत म्हणाल तर भरपूर. तरीही बागेतील गर्दी ओसरलेली नाही, उलट वाढलीच आहे. दिवाळीच्या पहाटे पणत्या घेऊन येणारी तरुण मंडळी पाहिली की पाय ठेवायला जागा नसते. बाहेरच्या गाड्यांवर आता कच्च्या केळ्याची जैन पावभाजी मिळते, ही आमच्या वेळी नसलेली सोय. मोबाइलवर बोलत एकट्याच फेऱ्या मारणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. ते मला फारसे रुचत नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलगी बेंगळुरूहून आली होती. तिच्या कंपनीने तिला दोन वर्षांसाठी परदेशी जाण्याविषयी विचारले होते. मुलगा आठ वर्षांचा, त्याला नेता येणार नव्हते. घरात तिघांना पुरून उरेल एवढी जागा असूनही ती म्हणाली, “बाबा, बागेत जाऊ या.” थंडीच्या दिवसांत या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात, ती पाहून नातवाला हसू आवरेना. मग आम्ही हिरवळीवर बसलो. मुलीने विचारले, “तुम्ही तेव्हा कसं ठरवलंत?”

मी कागदाची, हिशेबाची हकीकत सांगू लागलो. सौ.ने मध्येच थांबवले. एरवी ती माझे बोलणे तोडत नाही.

“हिशेब बरोबरच होता,” ती म्हणाली. “पण त्या दिवशी हे ‘नको जाऊ दे’ म्हणतील, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. मी स्वतःहून कशी म्हणणार?”

सदतीस वर्षांत ही गोष्ट मी प्रथमच ऐकत होतो. मुलगी आळीपाळीने आमच्याकडे पाहत राहिली. पुढे ती काय ठरवणार, हे तिने तेव्हा सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. अंधार पडू लागला होता. नातू धावत आला. देवळाभोवतीच्या पाण्यात त्याला कमळाचे पान दिसले होते आणि ते आजीने आत्ताच्या आत्ता येऊन पाहायला हवे होते. सौ.ला खाली बसल्यावर उठायला हल्ली त्रास होतो. मी हात पुढे केला. तो धरून ती उठली आणि पदराचे गवत झाडत त्याच्यामागे निघाली.