न दिसणारी रांग

रांग म्हटली कीं ती डोळ्यांना दिसावी, अशी आपली जुनी समजूत आहे. रेशनच्या दुकानापुढची रांग काय किंवा यात्रेच्या दिवशीं देवळाच्या पायऱ्यांवरून वळत गेलेली रांग काय, आपण किती मागें आहों हें मान उंच करून पाहतां येतें. पुढचा कोणी कंटाळून निघून गेला तर तेंही दिसतें. अलीकडे मात्र आपण सर्वांनीं अदृश्य रांगेंत उभें राहण्याची संवय करून घेतली आहे. १६ जुलै २०२१ रोजीं दुपारीं एक वाजतां महाराष्ट्रांतील दहावीचा निकाल जाहीर झाला. १५ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचीं घरें एकाच घटकेला थोड्याशा संकेतस्थळांवर तुटून पडलीं, आणि तीं संकेतस्थळें कित्येक तास धड उघडलीं नाहींत. त्या वर्षीं करोनामुळें परीक्षाच झाली नव्हती. तरी पडद्यावर फिरणाऱ्या त्या चक्राकडे पाहत बसलेल्या मुलांनीं परीक्षेचा सगळा ताप त्या एका दुपारींच भोगला असेल.

तसेंच एक चक्र मीं दोन वर्षांपूर्वीं रिद्धपुरास माझ्या ओसरीवर फिरतांना पाहिलें. एका कॉलेजांत प्रवेशाचे अर्ज भरण्याची ती शेवटची संध्याकाळ. माझ्याकडील इंटरनेट बरें चालतें असा गांवांत समज असल्यामुळें शेजारच्या दोन मुली माझ्याकडे आल्या होत्या. एकीचे वडील दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेंत राखणीला असतात. तिचें वसतिगृह आणि शिष्यवृत्ति हीं दोन्ही त्या अर्जावर टांगलेलीं. सहा वाजतां एक पान उघडण्यास दोन सेकंद लागत होते, सात वाजतां मिनिट लागूं लागलें, आणि पुढें कांहींच उघडेना. योगायोग असा कीं, त्या कॉलेजच्या सर्व्हरची देखरेख करणारा तरुण माझाच जुना विद्यार्थी, आणि तो सुटीवर गांवांतच होता. मीं त्याला बोलावून घेतलें. कॉलेजांतून त्याला फोनवर फोन येत होते कीं, मशीन बंद करून पुन्हां सुरू कर. त्यानें एकदां तेंही केलें. चार मिनिटें सारें सुरळीत चाललें, आणि पांचव्या मिनिटाला पुन्हां तीच अवस्था.

"सर, आता कायलेच हात नाई लावत मी," तो म्हणाला. "आंधी पाहू द्या, कोन कोनासाठी थांबून हाय ते."

हें वाक्य मला फार आवडलें. माझी कल्पना अशी कीं, यंत्र कामानें दमलें असावें. पण तें दमलें नव्हतें! प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला होता. येणाऱ्या प्रत्येकास सर्व्हर एकेक सेवक नेमून देतो. असे चारशें सेवक नेमण्याची मुभा कोणी तरी उदारपणें देऊन ठेवली होती. प्रत्येक सेवकाला बसावयास थोडी स्मृति, म्हणजे रॅम, लागते. ती संपतांच यंत्र कांहीं सामान डिस्कवर हलवूं लागलें, आणि डिस्क रॅमच्या मानानें अतिशय मंद. शिवाय हे चारशेंही जण डेटाबेसच्या दारांत ताटकळत होते. कारण नवा अर्ज आला कीं तो मोबाईल नंबर पूर्वीं आला आहे काय, हें पाहण्यासाठीं मागील सर्व वर्षांचे अर्ज, त्यांतील फोटोंसह, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले जात. त्या रकान्याला सूचीच नव्हती. ज्या गांवीं म्हाइंभटानें माणसें गांठून, विचारून, एकेक आठवण गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलें, तेथें मला याची उपमा सुचावी यांत नवल नाहीं: अनुक्रमणिका नसलेल्या पोथींत एक लीळा शोधावयाची, आणि तीही चारशें जणांनीं, एकाच वेळीं, एकाच पोथींत.

यावर कळस म्हणजे माणसाचा उतावीळपणा. ती मुलगी अंगठ्यानें पान पुन्हांपुन्हां ताजें करीत होती. प्रत्येक वेळीं नवी मागणी निघे. जुनीचें काम आंत चालूंच राही, आणि तिचें उत्तर तयार होई तेव्हां घेणारा कोणी नसे. पण तिला दोष कोण देईल? तिला रांग दिसत नव्हती.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत काम करणाऱ्या एर्लांग नांवाच्या गणितज्ञानें १९०९ मध्यें अशा गर्दीच्या गणिताचा पाया घातला. त्या शास्त्राचा एक साधा हिशेब असा आहे: येणारे यदृच्छेनें येत असतील, तर निम्म्या क्षमतेनें राबणाऱ्या एका खिडकीपाशीं सरासरीनें कामाच्या दुप्पट वेळ लागतो, शेकडा ९० भार झाला कीं दसपट, आणि ९९ झाला कीं शंभरपट. म्हणून आठ दिवस उत्तम चाललेलें यंत्र नवव्या संध्याकाळीं एकाएकीं कोसळल्यासारखें वाटतें.

त्या तरुणानें चारशें सेवकांचे साठ केले! फोनवरील गृहस्थ ओरडले, कीं आधींच मंद आहे आणि तूं आणखी कमी करतोस? नवें मोठें यंत्र घ्यावें हाच त्यांचा एकमेव उपाय होता. पैशानें सुटणारा प्रश्न पुष्कळांना समजावयास सोपा जातो. पण साठांना स्मृति पुरत होती. बाकीच्यांना 'थोड्या वेळानें या' असें लिहिलेलें एक साधें पान मिळूं लागलें. मग कांहीं मिनिटें सर्व थांबवून त्यानें ती सूचि तयार केली. पावणेदहाला पान दोन सेकंदांत उघडलें, आणि दहाच्या आंत दोघींचे अर्ज गेले. मुदत एक दिवस वाढवावी म्हणून मीं कॉलेजांत फोन केला, आणि ती वाढविण्यांत आली.

मुली गेल्यावर तो सर्व्हरच्या नोंदी वाचीत बसला. ३७ अर्ज अर्धवट राहिले होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कॉलेजच्या कारकुनानें एकेकाला फोन केला. ३४ जण मिळाले, तिघांचा फोन लागला नाहीं. त्यांपैकीं एकानें सहा ते आठ या वेळांत एकाच पानासाठीं ६१ वेळां प्रयत्न केल्याची नोंद होती. आठ वाजून दहा मिनिटांनंतर त्याच्याकडून कांहीं आलें नव्हतें. कारकुनानें तो नंबर एका चिठ्ठीवर उतरून टेबलाच्या कांचेखालीं ठेवला, आणि दुपारीं पुन्हां लावून पाहिला.