लेखणीची उमेदवारी

सांगलीच्या गणपती पेठेतील एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या घरी, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाच्या वेळी, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या कन्येने आपण पुढे लेखन करूनच उपजीविका करणार असल्याचे जाहीर केले. पोळी वाढणाऱ्या आजीचा हात क्षणभर थांबला. वडिलांनी मात्र एवढेच विचारले, "महिन्याकाठी किती मिळतील?" मुलीला तो प्रश्न अरसिक वाटला आणि ती अर्ध्या ताटावरून उठली. वास्तविक त्या संध्याकाळी त्या घरात व्यवसायाला धरून विचारला गेलेला तेवढा एकच प्रश्न होता.

गवंड्याला, सोनाराला, वकिलाला उमेदवारी करावी लागते हे सर्वांना मान्य असते. लेखक मात्र एखाद्या पहाटे लेखक म्हणूनच जागा होतो, असा समज आपल्याकडे रूढ आहे. मराठीत केवळ पुस्तकांच्या मानधनावर संसार चालवणारे पूर्वीही थोडे होते आणि आजही थोडेच आहेत. व. पु. काळे मुंबई महानगरपालिकेत वास्तुविशारद होते. जयंत नारळीकर तर खगोलशास्त्रज्ञच. परंतु लेखनाचा व्यवसाय म्हणजे केवळ कथा-कादंबरी नव्हे. वृत्तपत्रे, जाहिराती, मालिकांचे संवाद, चित्रपटांच्या उपशीर्षकांची भाषांतरे, विमा कंपन्यांची माहितीपत्रके, पाठ्यपुस्तके, ध्वनिपुस्तके या सर्वांना लिहिणारा माणूस लागतो. सरकारी बँकांत राजभाषा अधिकारी हे पद असते व त्याची भरती आयबीपीएसमार्फत होते. त्यासाठी हिंदीतील एम. ए. आणि पदवीपर्यंत इंग्रजी हा विषय, अशा प्रकारची पात्रता लागते. ही गोष्ट तिसऱ्या वर्षाचा निकाल लागल्यावर कळून काय उपयोग? विषय निवडण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते.

महाविद्यालयाची तीन वर्षे ही या उमेदवारीची खरी वर्षे होत. शुद्धलेखन हे त्यातील अगदी पहिले पाऊल. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर, एवढा ऐवज काही आठवड्यांत आत्मसात होण्यासारखा आहे. तरीही पदवीधरांच्या अर्जांत ऱ्हस्व-दीर्घाची दैना पाहावी लागते. युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर, न पाहता टंकलेखन करता येणे हीदेखील आता शोभेची गोष्ट राहिलेली नाही. यंत्राने केलेले भाषांतर आज फुकट मिळते. त्यातील चूक ज्याला दिसते, त्याच्याच श्रमाला किंमत राहणार.

याहून मोठे शिक्षण महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात मिळते. मात्र त्यात स्वतःची कविता छापून आणल्याने ते मिळत नाही. ते संपादक मंडळात बसून, दुसऱ्यांचे चाळीस लेख वाचून, त्यांतील बारा निवडून, बाराशे शब्दांचा मजकूर सातशेवर आणून आणि शेवटी मुद्रिते तपासून मिळते. आपला लेख परत आला म्हणून खट्टू होणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा दुसऱ्याचा लेख परत करून पाहावा. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कीर्ती पदरात असताना ती बाजूला ठेवून परीक्षेला बसण्याची त्यांची तयारी होती. ज्यांच्यापाशी अद्याप कीर्ती नाही, त्यांना तर ही सोय आयतीच उपलब्ध आहे.

गणपती पेठेतील कन्येने यातील बरेचसे केले होते. वार्षिक अंकाचे काम तिने दोन वर्षे पाहिले. त्याच सुमारास ध्वनिकथा प्रसारित करणाऱ्या एका कंपनीकडून तिला काम मिळाले. तीस संहिता, प्रत्येकी चारशे शब्द, प्रत्येकी तीनशे रुपये. कंपनीने पाठवलेल्या एका पानी कागदावर सही करून तिने तो टपालाने परत धाडला. घरी कोणाला दाखवला नाही; दाखवण्यासारखे त्यात काय होते? तीस संहितांपैकी एक २०१९ च्या महापुरावर होती. त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी तासातासाला विचारणाऱ्या प्रत्येक घराप्रमाणे तेही घर जागत होते, आणि दुकान पाण्याखाली गेले होते.

पुढल्या उन्हाळ्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी तिच्याकडे पुराच्या आठवणींचा लेख मागितला. दिवाळी अंक वाचकांच्या हाती शरदात पडत असला, तरी त्याची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, हे नवोदितांना बहुधा फार उशिरा कळते. तिने आनंदाने ती संहिता काढली. प्राध्यापकांनी सहज विचारले, "याचे हक्क तुझ्याकडे आहेत ना?" कागदावर तर लिहिले होते की, सर्व हक्क कंपनीकडे राहतील. आपल्या घरावरून गेलेले पाणी आपण तीनशे रुपयांना विकून बसलो, या विचाराने तिला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिने तो कागद वडिलांपुढे ठेवला.

वडिलांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून तो वाचला. ते इंग्रजी जेमतेम जाणत; परंतु करार म्हणजे काय, हे त्यांना तीस वर्षांच्या सौद्यांनी शिकवले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "बाळ, यात मुदत कुठे लिहिली आहे?"

मुदत कोठेच नव्हती. ओळखीच्या वकिलांकडे गेल्यावर उलगडा झाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ सांगते की, हक्क हस्तांतरित करावयाचे तर ते लेखी व सहीनिशी झाले पाहिजेत, आणि कोणते हक्क, किती काळासाठी व कोणत्या प्रदेशापुरते, हे त्यात नमूद असले पाहिजे. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षे धरला जातो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. नोकरीत राहून, नोकरीचा भाग म्हणून लिहिले तर सामान्यतः पहिली मालकी मालकाची. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचा लेख मात्र त्याने लिहून दिल्याशिवाय दुसऱ्याचा होत नाही. हक्क दिले तरी 'हे मी लिहिले' असे सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे लेखकापाशीच राहतो. लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे जे टिकते, त्या मालमत्तेच्या कागदावर ती बसच्या तिकिटाकडे पाहावे तितकेही न पाहता सही करून मोकळी झाली होती. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने असे करावे, याचे वकिलांना विशेष नवल वाटले. संस्कृत काव्यशास्त्र शिकणाऱ्याने केले असते तर ते बहुधा हसले असते.

कंपनीने दिलेल्या नऊ हजारांतून दहा टक्के करकपात झाली होती, तीही तिला ठाऊक नव्हती. आपल्या पॅनवर जमा झालेली ती रक्कम आयकर विवरणपत्र भरले तर परत मिळू शकते, हे वकिलांनीच जाता जाता सांगितले.

दिलासा देणारी आणखी एक गोष्ट होती. कायदा संरक्षण देतो ते शब्दयोजनेला, घटनेला नव्हे. पूर कोणाच्याच मालकीचा नव्हता. तिला लेख नव्याने लिहिण्याची मोकळीक होती. त्या दृष्टीने तिने जुनी संहिता पुन्हा वाचली, तेव्हा तिला लाज वाटली. निसर्गाचा कोप, पाण्याचे तांडव, उद्ध्वस्त संसार. ती संहिता कोणत्याही गावच्या कोणत्याही पुराला चालली असती. तीनशे रुपयांना गेले ते फार काही नव्हते.

मग ती वही घेऊन वडिलांपाशी बसली. असे ती प्रथमच बसत होती. वडील सांगू लागले ते थांबेनात. धान्य माळ्यावर चढवण्याच्या धांदलीत उधारीची वही गल्ल्याखालच्या खणातच राहिली. पाणी ओसरल्यावर दुकानात साखरेची पोती होती, साखर नव्हती. भिजलेल्या तूरडाळीचा वास पुढे महिनाभर गेला नाही. वहीची शाई पसरून पन्नासेक गिऱ्हाइकांची नावे वाचता येईनात. आणि दिवाळीपर्यंत त्यांतील बहुतेकजण एकेक करून दुकानाची पायरी चढले. स्वतःची दुकाने, घरे चिखलात असताना त्यांनी आपापली बाकी तोंडी सांगितली, काहींनी तर ती त्याच वेळी चुकती केली. घरात हे आजीलाही माहीत नव्हते. "तुम्ही कधी बोलला नाहीत, बाबा," मुलगी म्हणाली. "कोणी विचारले नाही," ते म्हणाले.

लेख बावीसशे शब्दांचा झाला. संपादकांनी तो पंधराशेवर आणला. कापलेला सगळा भाग तिच्या स्वतःच्या भावनांचा होता. वहीच्या परिच्छेदातील एकही शब्द त्यांनी हलवला नव्हता. ती एक दिवस रडली, दुसऱ्या दिवशी दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचले आणि पुढला लेख लिहायला बसली. या वेळी संमतिपत्रात तिने स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: केवळ या अंकातील एका प्रकाशनापुरते. संपादकांनी हरकत घेतली नाही. न मागितलेली अट कोणी आपणहून देत नाही, एवढेच.

दसऱ्याच्या सुमारास वडिलांनी दुकानातील एक कोरी, लाल बांधणीची वही तिला आणून दिली. तिने रकाने आखले: मजकूर, शब्दसंख्या, पाठवल्याची तारीख, ठरलेला मोबदला, दिलेले हक्क व मुदत, रक्कम जमा झाल्याची तारीख. पहिल्या पानावर तीन नोंदी झाल्या आहेत. दोहोंचा शेवटचा रकाना भरलेला आहे. तिसऱ्याचा रिकामा आहे, आणि परवा जेवताना वडिलांनी विचारले, त्यांना स्मरणपत्र धाडलेस का.