हिमीचा बुरी आणि आईचे ताट

माशाला त्याच्या वाढीप्रमाणे नावे बदलून देणारी भाषा असते, हे मला २०१८ च्या डिसेंबरात हिमीला जाईपर्यंत ठाऊक नव्हते. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, तोयामा उपसागराच्या काठी, नोतो द्वीपकल्पाच्या पायथ्याशी हिमी हे मासेमारीचे गाव आहे. तिथला ‘बुरी’ हा मासा लहान असताना ‘कोझुकुरा’ असतो, थोडा वाढला की ‘फुकुरागी’, मग ‘गांदो’ आणि पूर्ण वाढ झाली की मगच ‘बुरी’. तोक्योच्या बाजूला याच पायऱ्यांना वेगळी नावे आहेत. जणू हुद्दा वाढत जातो, म्हणून अशा माशांना ‘शुस्से-उओ’, म्हणजे बढतीचे मासे म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षअखेरीस मुलीच्या माहेरून सासरी अख्खा बुरी पाठवण्याची चाल या भागात आहे. जावयाचीही अशीच बढती व्हावी, हा त्यामागचा भाव. अधिकमासात जावयाला धोंड्याचे वाण देणाऱ्या आपल्या समाजाला हे समजावून सांगावे लागू नये. फरक इतकाच की तिकडे सासरची मंडळी अर्धा मासा परत पाठवतात.

पुण्यात वर्षभर मराठी शिकायला आलेली एक जपानी मुलगी आमच्या घरी राहिली होती. ती मला ताई म्हणते. तिच्याच आग्रहावरून मी हिमीला तिच्या घरी आठ दिवस राहिले. घरात तिचे आईवडील आणि वडिलांची आई. त्या आजींना सगळ्यांप्रमाणे मीही ‘ओबाआसान’ म्हणू लागले. ओबाआसानना मराठी येत नव्हते, मला जपानी येत नव्हते. मधे ही मुलगी दुभाषी.

पहिल्याच संध्याकाळी आभाळ गडगडले. ऐन हिवाळ्यात वीज कडाडते याचे मला नवल वाटले, पण घरात सगळ्यांचे चेहरे खुलले. या गडगडाटाला ‘बुरी-ओकोशी’ म्हणतात, बुरीला जागे करणारा. तो ऐकू आला की बुरीचा हंगाम सुरू झाला असे समजायचे. हायकूच्या ऋतुकोशात ‘बुरी’ हा हिवाळ्याचा शब्द आहे आणि हा गडगडाटही. साहित्य शिकवणाऱ्या बाईला एवढे पुरेसे होते. कोशातला शब्द आभाळात ऐकू यावा आणि घटकाभराने ताटात यावा, असा योग वारंवार येत नाही.

जेवणापूर्वी सर्वांनी हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हटले. ज्या क्रियापदापासून हा शब्द आला त्याचा मूळ अर्थ डोक्यावर धारण करणे असा आहे. आपल्याकडे ‘शिरोधार्य’ आहे, पण तो आपण आज्ञेसाठी वापरतो, अन्नासाठी नाही.

समोर बुरीचे कच्चे काप होते. मी वेंगुर्ल्याची, सारस्वत घरातली. मासा म्हणजे तिरफळे, सोले, वाटलेले ओले खोबरे हे माझ्या जिभेचे व्याकरण. कच्चा मासा म्हणजे न शिजवलेला मासा, एवढाच अर्थ मला लागत होता. पहिला काप मी सभ्यतेपोटी तोंडात घातला. तो गार होता, घट्ट होता आणि क्षणभरात त्याची चरबी जिभेवर पसरली. वास जवळजवळ नव्हताच. सोया सॉसच्या वाटीत काप बुडवला की वर तेलाचे बारीक डोळे तरंगत. दुसरा काप मी सभ्यतेपोटी घेतला नाही.

दोन दिवसांनी मुलीच्या वडिलांनी मला पहाटे बंदरावर नेले. पलीकडे, समुद्राच्या पाण्यावरून, तातेयामाची तीन हजार मीटर उंचीची बर्फाच्छादित रांग दिसत होती. हा उपसागर किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल होत जातो आणि पुढे हजार मीटरच्याही खाली उतरतो. उत्तरेच्या थंड समुद्रात चरून पुष्ट झालेला बुरी हिवाळ्यात दक्षिणेकडे निघतो आणि वाटेत या उपसागरात शिरतो. इथे चारशेहून अधिक वर्षे समुद्रात स्थिर जाळी लावली जातात. होड्या माशांच्या मागे धावत नाहीत, मासे येतात. आलेल्यांतले कितीतरी पुन्हा बाहेरही निघून जातात. जाळी बंदरापासून जवळ असल्यामुळे बर्फाच्या पाण्यात ठेवलेला मासा थोड्याच वेळात लिलावाला येतो. ओबाआसानचे यजमान आयुष्यभर अशाच एका जाळ्यावर राबले होते.

त्यानंतरचे दिवस मी मनसोक्त खाल्ले. मुळ्याबरोबर शिजवलेला बुरी, मीठ लावून भाजलेला त्याचा कल्ल्यामागचा भाग, कोंबू या समुद्री वनस्पतीच्या पानांत दाबून मुरवलेले दुसऱ्या माशांचे काप. ओबाआसान माझ्यासमोर वाडगा सरकवत आणि मी खाताना बघत राहत.

१४ तारखेला त्यांच्या ताटात मासा नव्हता. मुळा, टोफू, भात. बाकी सर्वांसाठी मासा होता आणि त्यांनी तो स्वतः कापला होता. मी खुणेने विचारले. मुलगी म्हणाली, “ताई, आजोबा गेले ती तारीख. दर महिन्याला या दिवशी ती मासा खात नाही.” सकाळी त्यांनी देव्हाऱ्यासमोर गरम भात ठेवताना मी पाहिले होते, पण अर्थ लागला नव्हता.

१५ तारखेला त्यांनी बुरीचे डोके पुढ्यात घेतले आणि गालातले मऊ मांस चॉपस्टिकने काढून अतिशय चवीने खाल्ले. तो घास मला गिळवेना.

१९८८ साली माझे वडील गेले तेव्हा आई छत्तीस वर्षांची होती, मी नऊ. तिने मासे सोडले. आमच्याकडे तशी रीत होती आणि रीत होती म्हणून कुणी काही बोलले नाही. मात्र आम्हा भावंडांसाठी ती बुधवारी, रविवारी मासे करीतच राहिली. हुमण उकळू लागले की वासावरून तिला मीठ कमी-जास्त कळे आणि खात्रीसाठी ती मला हाक मारी, “मीठ बघ गो.” मी चमचाभर चाखून सांगत असे. पुढे मी एम. ए. झाले. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ मी वर्गात कितीतरी वेळा शिकवली, यमूच्या दुःखावर विद्यार्थ्यांकडून टिपणे लिहून घेतली. आणि संध्याकाळी घरी येऊन आईच्या हातचे हुमण जेवले. कादंबरीच्या नावातला प्रश्न मला उद्देशून असू शकतो, हे हिमीच्या त्या ताटासमोर बसेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही.

ओबाआसानचे दुःख आईपेक्षा कमी होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी त्याला महिन्याचा एक दिवस दिला होता. आईकडून आम्ही सगळे दिवस घेतले.

परत आल्यावर मी आईला बुरीबद्दल सांगितले. तिने बारीकसारीक चौकश्या केल्या. काटा किती, खवले कसे, त्यात सोले घालतात का. मासे खाणारे माणूसच असे प्रश्न विचारते. १४ तारखेची गोष्ट मात्र ती काही न बोलता ऐकत राहिली. पुढच्या बुधवारी मी सुरमईचे हुमण केले, तिच्या ताटात एक तुकडा वाढला आणि म्हटले, “आई, खा.”

तिने ताटाकडे बराच वेळ पाहिले. “तेव्हा कुणी विचारले असते तर खाल्ले असते गो. आता नको.”

तिने तुकडा माझ्या ताटात घातला. मग पातेल्यावर वाकून वास घेतला आणि म्हणाली, “मीठ कमी आहे.”

मी चाखून पाहिले. कमीच होते.