हॅरीचे बूट

काल पुन्हा शीळफाट्याला अडकलो. महापेहून निघालेली बस फाट्याच्या अलीकडे जी थांबली ती थांबलीच. एका बाजूला मुंब्र्याकडून येणारे कंटेनर, दुसरीकडून पनवेलचे ट्रक, समोर कल्याणचा रस्ता खोदलेला. घर खिडकाळीच्या देवळापाशी, म्हणजे अंतर विचाराल तर हसाल. घरी पोचायला साडेनऊ झाले. दारात बूट काढतोय तोच आतून चिरंजीव ओरडले, "आई, हॅरी आला!"

हॅरी म्हणजे शिनचॅनचा बाप. मूळ जपानीत त्याचं नाव हिरोशी नोहारा, आपल्याकडच्या हिंदीत तो हॅरी झाला आणि मिसाए झाली मित्सी. १९९२ पासून ही मालिका जपानात चालू आहे, भारतात २००६ मध्ये आली. कार्टं आगाऊ आहे हे खरंच. २००८ साली तक्रारींमुळे आपल्याकडे ती काही काळ बंदही होती. मीसुद्धा आमच्या घरी दोन वेळा बंदी घालून पाहिली. दोन्ही वेळा सौ.ने उठवली, कारण तिला मित्सी आवडते :)

तर मी पाहायला लागलो ते चिरंजीव काय शिकतात ह्यावर लक्ष ठेवायला म्हणून, आणि पाहत बसलो हॅरीकडे. हा माणूस राहतो कासुकाबेला, टोकियोपासून साधारण ३५ किलोमीटरवर. रोज गर्दीच्या गाडीने टोकियोत नोकरीला जातो. घरावर ३२ वर्षांचं कर्ज. डोंबिवलीच की हो ही! एकदा त्यांचं घर गॅसच्या स्फोटाने उडतं आणि सगळे भाड्याच्या जुनाट इमारतीत एका खोलीत येऊन राहतात. चिरंजीव लोळून हसत होते. मला प्रश्न, हप्त्यांचं काय झालं असेल? आणि हसू पुरतं आलंही नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये इथेच शीळला बांधकाम चालू असलेली इमारत पडली, ७० हून जास्त माणसं गेली. तेव्हा आम्ही इकडे घर बघत फिरत होतो.

असो. लिहायचं होतं ते बुटांबद्दल.

हॅरीच्या मोज्यांना आणि बुटांना भयंकर वास येतो, हा त्या मालिकेतला जुना विनोद. शिनचॅन नाक धरून पडतो, शिरो कुत्रा बेशुद्ध होतो वगैरे. पण २००१ सालच्या त्यांच्या एका चित्रपटात ह्याच वासाचं काहीतरी भलतंच केलंय. त्यात गावातली सगळी मोठी माणसं जुन्या काळाच्या वासाने भारली जातात आणि मनाने पुन्हा लहान होतात. हॅरीही. १९७० च्या ओसाकाच्या प्रदर्शनात तो पोरगा होऊन चंद्रावरचा दगड बघायचा म्हणून रडतोय. शिनचॅन बापाचाच बूट त्याच्या नाकाला लावतो. मग हॅरीला आठवत जातं. वडिलांच्या सायकलवर मागे बसून जाणं, मोठं होणं, नोकरी, साहेबासमोर वाकणं, लग्न, पोर, घर. त्या दोन-तीन मिनिटांत कोणी बोलतच नाही, नुसतं संगीत. शेवटी पोरगा विचारतो, मला ओळखलंस का? बाप रडत मान हलवतो.

मी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो.

ताई, तुला आठवत असेल. आपले बाबा फोर्टातून रात्री नऊला घरी यायचे. ते बूट काढायचे आणि आपण दोघं नाक धरून गॅलरीत पळायचो. बाबा हसायचे. मी सातवीत असताना वर्गातली मुलं घरी यायची होती. रविवार होता. मला लाज वाटली आणि मी ते बूट उचलून जिन्यात, कचऱ्याच्या डब्यामागे नेऊन ठेवले. मुलं गेल्यावर आणायला गेलो तर नव्हते. बाबांनी सगळी इमारत शोधली. मग "चोराला सर्दी झाली असणार" म्हणाले. महिनाअखेर होती, म्हणून पगार होईपर्यंत चपला घालून ऑफिसला गेले. जुलै होता. साहेब काही बोलला का, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. २०११ मध्ये ते गेले तोवर बूट चोरीला गेले असंच घरात सगळे समजत होते. आजही समजतात.

काल चिरंजीवांनी माझा बूट दोन बोटांत धरून नाकाशी नेला, ईईई केलं आणि दाराबाहेर ठेवायला निघाला. मी जरा जोरातच ओरडलो. पोरगं दचकलं. मग बूट आत, टीव्हीच्या बाजूलाच ठेवला. सौ. चिडली, पण सकाळपर्यंत तिथेच होता.

ताई, आईला हे वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव. फार तर मित्सीसारखा डोक्यावर टेंगूळ आणेल.